पांढऱ्या झग्यातली गाइड

‘टिंग’ असा आवाज झाला आणि मूपॉने श्वास रोखून धरला. पहाटेच्या शांततेत फरशीवर पडलेली सेफ्टी पिन किती मोठ्याने वाजते, हे ज्यांच्या घरात पाच वर्षांचं मूल झोपलेलं असतं त्यांनाच कळतं. मच्छरदाणी हलली. आतून एक विस्कटलेलं डोकं बाहेर आलं.

“आई, तू परी झालीस?”

“नाही गं. झोप.”

“मग भूत झालीस?”

मूपॉने आरशात पाहिलं. अंदाज अगदीच चुकीचा नव्हता. खांद्यापासून घोट्यापर्यंत पांढराशुभ्र झगा, बाजूंना लाल पट्टे, छातीशी लाल गोंडे, आणि आत कुठेतरी ती स्वतः. झगा ऑफिसने दिला होता. तो जिच्या मापाने शिवला होता, तिच्यात दोन मूपॉ आरामात राहिल्या असत्या. म्हणून तर पहाटे उठून हा पिनांचा खटाटोप.

झग्याची हकिकत अशी. वोरावित साहेबांची सहल कंपनी थायलंडमधल्या च्यांग माय शहरात एका लॉन्ड्रीच्या माडीवर होती. तिथून त्यांनी ‘एका दिवसात देवळं आणि डोंगर’ अशी नवी सहल काढली. सकाळी देवळं, दुपारी डोंगरी लोकांचं गाव, संध्याकाळी पाहुणे विमानाला पोचते. गाइड म्हणून विपा. विपा म्हणजे मूपॉच. शाळेत घातलं तेव्हा मास्तरांना ‘मूपॉ’ लिहिता येईना, म्हणून त्यांनी ‘विपादा’ लिहिलं. शहराला तेही लांब वाटलं, म्हणून विपा. साहेबांनी एका कॅलेंडरवर धबधब्यापाशी उभी असलेली डोंगरातली मुलगी पाहिली होती. “फोटोत पांढरं उठून दिसतं,” असं म्हणून त्यांनी झगा विपाच्या हातात ठेवला.

आता कॅलेंडरवरची ती मुलगी पांढऱ्या झग्यात होती, कारण तिचं लग्न व्हायचं होतं. डोंगरातल्या कारेन लोकांत पांढरा झगा कुमारिकांचा. लग्नाच्या दिवशी तो उतरतो तो कायमचा. मग काळी-निळी कुडती, तिच्यावर पांढऱ्या बियांची नक्षी, खाली लाल लुंगी. नवरा मेला तरी, पळाला तरी, तिने स्वतः त्याला जिन्यावरून ढकलून दिलं तरी, पांढरा झगा पुन्हा अंगाला लावायचा नाही. हे मूपॉला पक्कं माहीत होतं, कारण ती स्वतः कारेन होती. आणि साहेबांना नेमकं एवढंच माहीत नव्हतं.

त्यांना ते सांगायला काय हरकत होती, असं कुणी विचारील. सांगते. ऑफिसच्या दाराशी साहेबांनी एक माग मांडला होता आणि त्यावर एका कारेन मुलीला बसवलं होतं. येणारे-जाणारे तिचे फोटो काढायचे. तिला कुणी कधी काही विचारलं नाही. मुलाखतीच्या दिवशी साहेबांनी लिंबाचं सरबत पुढे सरकवत फार प्रेमाने समजावलं होतं, “गाइड शहरातलीच हवी बरं का विपा. डोंगरातली माणसं बघायची असतात, ऐकायची नसतात.” सरबत थंडगार होतं आणि मूपॉला नोकरीची गरज होती. “मी चोम थोंगकडची,” ती म्हणाली.

ते तसं खोटंही नव्हतं. गाइडचा परवाना काढायला गेली तेव्हा सरकारी संगणकाला तिचं गावच सापडेना. कारकुनाने ते निरनिराळ्या तऱ्हांनी टाइप करून पाहिलं, चष्मा पुसून पाहिला, शेवटी म्हणाला, “बाई, तुमचं गाव नाहीये. दुसरं एखादं सांगा की.” तेव्हा तिने पायथ्याचं मोठं गाव सांगितलं. म्हणजे तिला डोंगरावरून खाली आणलं ते सरकारने. तिने फक्त परत वर चढायचा हट्ट धरला नाही.

आजची सहल ही परीक्षा होती. नीट पार पडली तर गळ्यात बिल्ला, हातात माइक आणि नोकरी कायम. आणि आपण कारेन आहोत हे साहेबांना कळलं तर? दाराशी बसणारी मुलगी नुकतीच लग्न होऊन गेली होती. माग रिकामाच होता. माइक जाणार, माग येणार.

एवढं कमी होतं म्हणून की काय, खाओपनच्या शाळेला त्या दिवशी सुट्टी निघाली. खाओपन म्हणजे मच्छरदाणीतून डोकावलेली तीच. नावाचा अर्थ भाताचा मुटका, आणि गालांकडे पाहिलं की नाव ठेवणाऱ्याला दाद द्यावीशी वाटते. ‘मुलांकडे अधिक लक्ष कसे द्यावे’ या विषयावर शिक्षकांचं शिबिर होतं, त्यामुळे मुलांना घरी पाठवलं होतं. नवरा ओट कामासाठी लाम्पांगला. आणि सासू, बुआखमबाई, बुद्धवार, म्हणजे बौद्धांचा उपोसथाचा दिवस, असल्याने पांढरे कपडे घालून दिवसभर देवळात शील पाळायला निघालेली. ती नातवंडासाठी स्वर्ग सोडील अशी बाई होती, पण तिची मैत्रीण तिच्यासाठी पंख्याखालची जागा धरून बसली होती.

सासू-सुना दोघी पांढऱ्यात एकाच वेळी दाराबाहेर पडल्या आणि समोर विकायला डुकराचं मांस भाजत बसलेल्या दुआंगदी मावशींच्या हातातला चिमटा तसाच राहिला.

“अगंबाई! दोघी एकदम संन्यास घेताय? ओटने केलं तरी काय एवढं?”

“मावशी, हा ऑफिसचा गणवेश आहे.”

“कसलं ऑफिस ते? स्मशान?”

शेजारचे निवृत्त विचियन गुरुजी झाडांना पाणी घालता घालता पाइप घेऊनच पुढे आले. सल्ला देताना पाण्याची धार कुठे जाते याचं भान त्यांना कधीच नसे. “विपा, डोंगरात चालली आहेस म्हणून सांगतो. त्या लोकांच्या चाली मी पुस्तकात वाचल्यात. चुलीला पाय लावायचा नाही. आणि त्यांच्याशी सावकाश बोलायचं, त्यांना पटकन समजत नाही.”

“बरं, गुरुजी,” मूपॉ सावकाश म्हणाली. झग्याचा काठ एव्हाना भिजला होता.

पाहुणे बँकॉकचे होते. सुपान्सा मॅडम, बँकेतून मोठ्या हुद्द्यावर निवृत्त झालेल्या. डोक्यावर एवढी मोठी टोपी की गाडीत त्या आधी शिरल्या आणि टोपी मागून आली. सोबत त्यांचे यजमान कोसोन, ज्यांनी दिवसभरात ‘जेवण कुठे?’ आणि, करंगळी दाखवून, ‘ते कुठे?’ असे दोनच प्रश्न विचारले. गाडी साहेब स्वतः चालवत होते. परीक्षाच ती, परीक्षक नको?

“ही कोण?” खाओपनकडे पाहून साहेबांनी विचारलं.

“मी पाणी वाटते,” खाओपनने परस्पर सांगून टाकलं आणि लगेच कोसोनकाकांच्या मांडीवर बाटली ठेवली. तिची नेमणूक तिथेच झाली.

शहराला लागून असलेल्या डोंगरावरच्या मोठ्या देवळात पोचेपर्यंत सगळं छान होतं. मूपॉने कमरेला लाउडस्पीकरचा डबा बांधला, माइक तोंडाशी धरला आणि सोनेरी स्तूपाची माहिती अशी काही सांगितली की साहेब मान डोलवू लागले. तेवढ्यात मागून एक घट्ट हात दंडावर पडला.

“पोरी, किती उशीर! सूत्रं सुरू झाली. बस, बस खाली.”

त्या आजीबाईंच्या डोळ्यात मोतीबिंदू होता आणि हातात पहिलवानाचं बळ. बुद्धवार, पांढरा वेष. त्यांच्या दृष्टीने दुसरं काही असायचं कारणच नव्हतं. “आजी, मी गाइड आहे—” म्हणेपर्यंत मूपॉ पांढऱ्या बायकांच्या रांगेत दोन्ही पाय एका बाजूला दुमडून बसलेली होती. समोर भंते. उठावं तर देवाचा अपमान, बसावं तर पाहुण्यांचा. तिने हळूच मागे पाहिलं. सुपान्सा मॅडम टोपी काढून तिच्यामागे हात जोडून बसत होत्या. गाइड बसली, म्हणजे हा कार्यक्रमाचाच भाग. त्यांच्यामागे कोसोनकाका. त्यांच्यामागे, नाइलाजाने, साहेब.

माइक बंद करायचा राहिला होता. सूत्रांच्या मधल्या शांत जागेत कमरेच्या डब्यातून खाओपनचा आवाज साऱ्या सभामंडपात घुमला, “आई, या सगळ्या भूत झाल्यात?”

प्रवचन लांबलं. विषय होता, मनुष्य वस्त्रे बदलतो पण मोह सुटत नाही. कोसोनकाका बसल्या बसल्या झोपले. बाहेर आल्यावर साहेबांनी घड्याळाकडे नुसतं पाहिलं, आणि पुढची देवळं मूपॉने चालत्या गाडीतून दाखवली. “उजवीकडे पाहा, अतिशय प्राचीन— गेलं. आता डावीकडे, नाही, तो पेट्रोल पंप आहे.”

चोम थोंग मागे पडलं, चढ लागला. वळणावळणांवर मॅडमचा चेहरा हिरवट होत होता. साहेबांनी ठरवलेलं गाव सहलींना सरावलेलं होतं; तिथे मूपॉला कुणी ओळखत नव्हतं. पण फाट्यावर कोबीचा ट्रक उलटला होता. रस्ताभर कोबीच कोबी, आणि ट्रकवाला त्यात अशा शांतपणे बसला होता की जणू त्यानेच ते पेरले होते. संध्याकाळपर्यंत वाट मोकळी व्हायचं लक्षण नव्हतं.

“ही दुसरी वाट कुठे जाते?” साहेबांनी विचारलं.

ती वाट कुठे जाते हे मूपॉला डोळे मिटून सांगता आलं असतं. ती तिच्या आईच्या दाराशी जात होती.

“तिथे काही नाही, सर. धबधबा नाही, दुकान नाही. पर्यटक कधी जातच नाहीत.”

“कधीच नाही?” साहेबांनी गाडीचा वेग कमी केला.

“कधीच नाही. लोकही फटकळ आहेत. कॅमेरा पाहिला की तोंडं फिरवतात. बायका तर अशा वस्सकन अंगावर येतात—”

“अय्या!” मागून मॅडमचा हिरवट चेहरा एकदम उजळला. “म्हणजे अगदी अस्सल!”

साहेबांनी गाडी वळवली. मूपॉच्या आयुष्यात तिचं वक्तृत्व इतकं प्रभावी पूर्वी कधी ठरलं नव्हतं.

तिने खाओपनच्या कानाशी तोंड नेलं. “ऐक. आपण एक खेळ खेळायचा. आज आजी दिसली तरी आजी म्हणायचं नाही. तिला ओळखायचंच नाही.”

“का?”

“खेळ आहे ना.”

“जिंकल्यावर काय?”

“आइस्क्रीम.”

खाओपनने दोन बोटांनी स्वतःचे ओठ चिमटीत धरले आणि तयारी दाखवली.

गावात शिरताच आधी कुत्री आली, मग पोरं, मग डुकरं. मूपॉची आई खांबांवरच्या घराखाली सावलीत, कमरेला माग बांधून विणत बसली होती. तिने मान वर केली. समोर तिची लग्न झालेली मुलगी, पोटची पोर बोटाशी धरून, कुमारिकेच्या झग्यात उभी. माग थांबला. कोंबड्यासुद्धा थांबल्यासारख्या वाटल्या.

“कोण मेलं?” आईने कारेन भाषेत विचारलं.

“त्या म्हणतायत, स्वागत आहे,” मूपॉने माइकवर सांगितलं.

“जावई मेला, पळाला, की तूच सोडलास? आणि सोडायचाच होता तर आधी आईच्या कानावर घालायचं, की पोरीला बोटाशी धरून, झगा घालून गावभर मिरवायचं? कुणाच्या पोटची तू? लाज आहे का काही?”

“त्या म्हणतायत, हा माग कमरेला बांधतात.”

“एवढंच?” सुपान्सा मॅडम चकित झाल्या. “कितीतरी बोलल्या की त्या!”

“त्यांचे शब्द लांब असतात.”

“विपा, तुला ही भाषा येते?” साहेबांचे डोळे विस्फारले.

“पुस्तकावरून, सर. थोडीफार.” आणि तोंडावर तेच हसू ठेवून ती आईला कारेनमध्ये घाईघाईने म्हणाली, “आई, सगळं ठीक आहे, नंतर सांगते. तुझ्या पाया पडते, आत्ता मला ओळखू नकोस.”

इथे तिची चूक झाली. आईला राग आलेला परवडतो. पण ती वाक्य ऐकते, गप्प होते आणि कमरेचा पट्टा शांतपणे सोडते, तेव्हा आपण काय बोलून बसलो हे शोधायची वेळ आलेली असते.

“बरं,” आई म्हणाली. “नाही ओळखत. या पाहुण्याबाई, बसा. घर गरिबाचं आहे, तुमच्यासारख्या मोठ्या माणसांना आवडायचं नाही.”

ही बाई दर आठवड्याला चोम थोंगच्या बाजारात भोपळे विकायची, आणि गिऱ्हाइकांशी थाय भाषेत असं भांडायची की लोक लांबून ऐकायला यायचे. आज तिला थायचा एक शब्द येईना. जे काही बोलायचं ते कारेनमध्ये, आणि तिच्याच लेकीने त्याचं भाषांतर करायचं. सूड घ्यायच्या अनेक रीती असतात. इतकी स्वच्छ रीत क्वचित पाहायला मिळते.

“यांचं नाव काय?” मॅडमनी जमलेल्या बायकांना खुणेने विचारलं.

“मूपॉची आई!” बायकांनी एका सुरात, मोडक्या थायमध्ये सांगितलं. गावात आईला मुलांच्या नावानेच हाक मारतात.

“मूपॉ कोण?” साहेब म्हणाले.

“त्यांची मुलगी,” मूपॉ म्हणाली. “शहरात असते.”

“येते का कधी भेटायला?”

मूपॉने प्रश्न आईला विचारावा लागू नये म्हणून खोकून पाहिलं. पण आईने प्रश्न ऐकला होता. “सांगा त्यांना,” ती कारेनमध्ये गोड आवाजात म्हणाली, “येते, पण वेष पालटून येते.”

“त्या म्हणतायत, येते.”

एवढ्यात लग्न जमवणारे पाले मामा काठी टेकत आले. झगा पाहून त्यांनी डोक्याला हात लावला. “पोरी, मी तुझ्या लग्नातलं डुक्कर पोटभर खाल्लंय. आता मोडलं म्हणालीस तर ते मी परत कुठून देऊ? आणि बाईमाणसाने लग्नानंतर पांढरं घातलं, म्हणजे घराच्या देवाची माफी मागायला कोंबडी आली. कोंबडी कुणी द्यायची, ते आधी ठरवा.”

“हे म्हणतायत, इथे डुकरं आणि कोंबड्या पाळतात.”

“ते दिसतंच आहे,” कोसोनकाका म्हणाले. “जेवण कुठे?”

बातमी मात्र गावात पुढे पळाली होती. मूपॉ पांढऱ्यात आलीय. थोड्या वेळाने विधुर दिपुनू केस ओले करून, भांग पाडून, धुतलेला सदरा घालून हजर झाला आणि काही न बोलता कुंपणाला टेकून उभा राहिला. मूपॉच्या लग्नाआधी तो असाच तिथे उभा राहायचा. साहेबांना तो फार आवडला. त्यांनी त्याचे फोटो काढले. “काय हा निरागसपणा! विपा, विचार बरं, हा कशासाठी उभा आहे?”

“सावलीसाठी,” मूपॉ म्हणाली. दिपुनू उन्हात उभा होता.

आईने जेवण वाढलं. लाल भात, भोपळा, तिखटजाळ मिरचीचा ठेचा. मॅडमनी पहिल्याच घासाला डोळे पुसले आणि ‘अस्सल, अस्सल’ म्हणत पाणी मागितलं. खाओपनने तत्परतेने बाटली दिली, एका हाताने, कारण दुसऱ्या हाताची बोटं अजून ओठांवर होती.

“पाहुण्याबाईंना अजून वाढा गं,” आई शेजारणींना म्हणाली. “हाडं दिसतायत. सासरी उपाशी ठेवत असतील. आईने काही शिकवलेलंही दिसत नाही.”

“त्या म्हणतायत, भोपळा घरचाच आहे.”

शेजारणी तोंडाला हात लावून हसत होत्या, साहेब खूश होते, मॅडम शिट्टीसारखा श्वास सोडत अजून ठेचा मागत होत्या. कोणत्याही मोजमापाने सहल यशस्वी होती. बिल्ला आता हाताशी आला होता.

मग आईने केळीच्या पानात गुंडाळलेला तिळाचा चिकट भात काढला. खाओपन आली की हा तिच्यासाठी ठरलेला असायचा. पान उघडून, एक तुकडा मोडून आईने तिच्यापुढे धरला. खाओपनने त्याच्याकडे पाहिलं. मग मूपॉकडे पाहिलं. ओठ घट्ट धरून मान हलवली. नाही. ओळखायचं नाही. तिचे डोळे भरून आले होते, पण ती खेळ फार मन लावून खेळत होती.

आईचा हात पुढे तसाच राहिला.

हे साहेबांनी पाहिलं नाही. ते हातातला ग्लास खाली ठेवून, एखादी मोठी कल्पना सुचलेल्या माणसासारखे पुढे झुकले होते. “विपा, ही बाई म्हणजे सोनं आहे! हा चेहरा, हा राग! हिला सांग, आमच्या दाराशी येऊन बस म्हणावं. माग आहे, पंखा लावून देतो. काही बोलायचं नाही, नुसतं विणायचं. लोक फोटो काढतील. सांग ना.”

मूपॉने तोंड उघडलं. सकाळपासून प्रत्येक वाक्याला तिला काही ना काही सुचत आलं होतं; भोपळा, डुक्कर, सावली. आता तिने शोधलं, तर आत काहीच नव्हतं.

“हे मी नाही सांगणार, सर.”

“का? भाषा अडली?”

“भाषा नाही अडली. ती माझी आई आहे.”

माइक चालूच होता. ‘माझी आई आहे’ हे शब्द कमरेच्या डब्यातून निघून समोरच्या डोंगरावर आपटले आणि परत आले. कुत्री भुंकू लागली. दिपुनू कुंपणापासून जरा बाजूला झाला.

“ओळखलंस,” आई म्हणाली. स्वच्छ, खणखणीत थायमध्ये. “ओळखलंस गं बाई एकदाची.”

“यांना थाय येतं?” मॅडम किंचाळल्या.

“बाजारात तुमच्यासारख्यांना रोज भोपळे विकते, बाई. येणार नाही तर काय?”

खाओपनने बोटं सोडली. “मला आइस्क्रीम नको!” असं ओरडून ती आजीच्या कुशीत शिरली आणि तिळाचा भात दोन्ही हातांनी तोंडात कोंबू लागली.

आईने मूपॉला दंडाला धरून शिडीवरून वर घरात नेलं. झगा उतरवला. जागोजागी लावलेल्या पिना पाहिल्या, मग कापड बोटांत चोळलं आणि तिचा चेहरा खरोखर कठोर झाला. “पॉलिएस्टर!” ती म्हणाली. “कुमारिकेचा झगा घालून आलीस ते मी एकवेळ विसरेन.” पेटीतून तिने स्वतःची निळी कुडती आणि लाल लुंगी काढली. कुडती घालताना तिचे हात लेकीच्या बरगड्यांवर क्षणभर थांबले. “खरंच बारीक झालीस,” ती म्हणाली. या वेळी ते भाषांतरासाठी नव्हतं.

खाली पाले मामांनी कोंबडीचा प्रश्न सोडवला होता. कोंबडी कोसोनकाकांनी दिली, कारण ती शिजणार हे त्यांना कळलं होतं. घराच्या देवाची माफी मागून झाली, रस्सा झाला, आणि विमानाची वेळ टळायच्या भीतीने साहेबांनी सगळ्यांना गाडीत बसवलं. गावाच्या शेवटच्या वळणापर्यंत खाओपन मागच्या काचेला नाक लावून हात हलवत होती.

गाडी उताराला लागली. मूपॉ निळ्या कुडतीत साहेबांशेजारी बसली होती, मांडीवर झग्याचं बोचकं. तिने मनाशी सगळं ठरवून टाकलं होतं. माइक गेला. माग नको. दुआंगदी मावशींना मांस भाजायला कुणीतरी हवंच होतं.

“विपा,” साहेब म्हणाले. “का मूपॉ म्हणू?”

“काहीही म्हणा.”

“मी वीस सहली काढल्या असतील, पण—”

“आम्ही सगळं जग पाहिलंय,” मागून मॅडमनी त्यांना तोडलं, “पण असं कधी पाहिलं नाही! ती आई काय चिडली! आणि शेवटी ते माइकवर! माझ्या अंगावर अजून काटा आहे. कोसोन, दाखवा तुमचा हात.”

कोसोनकाकांनी झोपेतच हात वर केला.

“तेच म्हणतोय मी,” साहेबांचा आवाज आता चढू लागला. “पुढच्या शनिवारी गट आहे. तू असाच झगा घालून जायचं. आई चिडणार, तू चुकीचं भाषांतर करायचं, ते मामा येणार, तो भांग पाडलेला माणूस कुंपणापाशी येणार. सगळं अगदी आजच्यासारखं. आणि शेवटी तू माइकवर ‘ती माझी आई आहे’ म्हणायचं. डोळ्यात जरा पाणी आलं तर फारच छान. कोंबडी कंपनीतर्फे.” एका हाताने चाक सांभाळत त्यांनी खिशातून बिल्ला काढला आणि तिच्या मांडीवर ठेवला. “कायम झालीस. जमेल ना तुझ्या आईला? दर शनिवारी मनापासून रागावणं?”

बिल्ला चकचकीत होता. त्यावर तिचं नाव होतं, विपादा, आणि खाली ‘गाइड’. किती दिवस तिला तो हवा होता! तिने तो बोटांत धरला. नीट हसावं की चालत्या गाडीतून उतरावं, हे तिला कळेना. साहेब रस्त्याकडे पाहत उत्तराची वाट बघत होते.

मागच्या सीटवरून खाओपन सरकत पुढे आली आणि तिच्या गळ्यात पडली. तोंडाला अजून तीळ चिकटलेले होते, डोळे झोपेने जड.

“आई,” ती म्हणाली, “मग शनिवारी आजीने मला ओळखायचं, की नाही ओळखायचं?”